शूरकेतू महाराजांचा रथखाना

माझ्या हातचा एकही खिळा आजवर भिंतीतून निसटलेला नाही, हे मी छाती ठोकून सांगतो! आता भिंतीत एकही गेला नाही, सगळे अंगठ्यात गेले, ही गोष्ट वेगळी. पण टेकडापूरच्या शूरकेतू महाराजांपुढे मी म्हणजे विश्वकर्माच म्हणायचा.

या महाराजांना सगळं घरकाम आपल्या हातांनी करायची भारी हौस. त्यांनी चौरंग केला, त्याला पाय तीनच. प्रधानजी म्हणाले, "वा महाराज! चार पाय काय, कुणाच्याही चौरंगाला असतात!" झालं! महाराजांनी दवंडी पिटवली, "आजपासून ज्यानं त्यानं आपलं घर आपणच बांधावं, आपणच डागडुजी करावी!" गवंड्या-सुतारांची हत्यारं सरकारी कोठारात जमा झाली. गावात ज्याचं त्याचं छप्पर ज्याच्या त्याच्या डोक्यावर येऊ लागलं, पण बोलणार कोण?

मग महाराजांनी रथखाना बांधायला घेतला. माप चुकू नये म्हणून रथ मधोमध उभा केला आणि भोवतीनं चार भिंती उठवल्या. दाराचं माप मात्र स्वतःच्या अंगाचं घेतलं. सावळाराम गवंडी रस्त्यानं चालला होता, त्याच्यानं राहवेना. म्हणाला, "महाराज, दार अरुंद होतंय."

"मी जातो की आत-बाहेर!" महाराज म्हणाले आणि त्यांनी जाऊन दाखवलं. प्रधानजींनी टाळ्या वाजवल्या.

दसरा तोंडावर आला. महाराज दरसाल रथात बसून शीव ओलांडायचे. शिवेवरच्या दगडाला हळदकुंकू लागायचं, आणि त्या पूजल्या दगडापर्यंत टेकडापूरचं राज्य, अशी तिथली वहिवाट. पलीकडे वाकडगावच्या राजाचा मुलूख. तो या दगडावर डोळा ठेवूनच असायचा. तर रथ काढायला गेले आणि काय! दार एवढंसं, रथ तेवढा!

महाराज कडाडले, "ही त्या सावळ्याच्या अभद्र तोंडाची करणी! बोलवा त्याला!"

सावळाराम हात जोडून उभा राहिला.

"माझी एक वीट हलायची नाही. रथाची एक खुंटी निघायची नाही. दसऱ्याला माझं सीमोल्लंघन रथातूनच झालं पाहिजे. नाही झालं, तर तू बायकापोरांसकट राज्याबाहेर!"

सावळाराम घरी येऊन भिंतीला टेकून बसला. जेवेना. त्याची लेक धुरपी चुलीपुढे भाकरी थापत होती. सगळं ऐकून तिनं विचारलं, "बाबा, महाराज 'रथ बाहेर काढ' म्हणाले, का 'शीव ओलांडली पाहिजे' म्हणाले?"

"शीव ओलांडली पाहिजे म्हणाले. पण रथ बाहेर आल्याबिगर कशी ओलांडणार?"

"तुम्ही जेवा. उद्या मी जाते वाड्यावर."

दुसऱ्या दिवशी धुरपी दरबारात उभी राहिली. "महाराज, रथ शिवेवर जात नाही ना? मग शीव रथाकडे आणू! दगड उचलायचा आणि रथखान्यात चाकापुढं ठेवायचा. रथ हातभर ढकलला की झालं!"

"वा!" महाराज म्हणाले. "वा वा!" प्रधानजी म्हणाले. त्यांना त्याहून जास्त काही येतच नव्हतं.

दसऱ्याला बैलगाडीतून दगड आला. सहा गड्यांनी तो रथाच्या चाकापुढं टेकवला. महाराज रथात चढले. भटजींनी कुंकवाचं बोट पुढं केलं, तोच धुरपी ओरडली, "थांबा! एक शंका आहे!"

"आता काय?"

"पूजल्या दगडापर्यंत तुमचं राज्य ना?"

"अर्थात!"

"मग दगडाच्या मागं रथ आणि ती मागची भिंत, एवढं तुमचं. दगडाच्या पुढं वाकडगावच्या राजाचं. म्हणजे वाडा त्याचा, मुदपाकखाना त्याचा, कोठार त्याचं..."

महाराजांनी दारातून वाड्याकडे पाहिलं. दसऱ्याच्या पुरणाचा वास येत होता. परमुलखातून!

"आणि मी?" प्रधानजींनी दारातून विचारलं.

"तुम्हीही त्याचेच. चाकरी मिळाली तर बघा! आणि महाराज, माझ्या बाबांना राज्याबाहेर घालवायचं होतं ना? ते बघा, दाराबाहेर उभे आहेत. कुंकू लागलं की गेलेच!"

महाराज एकदा दगडाकडे बघत, एकदा भिंतीकडे. मग त्यांच्या मिशा थरथरल्या, पोट हललं, आणि ते असे गडगडून हसले की छपरातून माती पडली.

"अगं पोरी, रथखान्याएवढा राजा केलास की मला! राहू द्या ते कुंकू! पहार आणा! कोण पाडणार ही भिंत?"

"दवंडी तुमचीच आहे महाराज. ज्याची त्यानं!"

महाराजांनी कमरेला शेला बांधून पहार घातली. पहिल्याच घावात भिंत आडवी झाली. बाकीच्या तिघींनी दुसऱ्या घावाची वाटच पाहिली नाही. महाराज रथाच्या छत्रीखाली घुसले म्हणून वाचले!

दगड शिवेवर परत गेला, रथ वाजतगाजत त्याला ओलांडून आला. धुरपीला सोन्याचं कडं मिळालं, दवंडी मोडली, सावळारामाची थापी नि ओळंबा कोठारातून त्याच्या हाती आले. सावळारामानं थापी डोळ्यांना लावली. त्याचं तोंड बघून महाराजांना पुन्हा हुरूप आला.

"धुरपे, हा रथखाना फसला तो फसला! आता मी वाड्यामागं विहीर खणणार. चांगली खोल! आणि एकट्यानं, स्वतःच्या हातांनी!"

धुरपी कडं मनगटावर सारत म्हणाली, "खणा की महाराज! फक्त शिडी तेवढी दुसऱ्या कुणाकडून करून घ्या."