दोन वातींचा दिवा

आडकोंडच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक ओटा आहे. वैशाखात संध्याकाळी त्यावर दोन वातींचा एकच दिवा ठेवतात. तो वर नेताना दोन जावांनी मिळून धरायचा आणि परत येईपर्यंत बोलायचे नाही. एवढे मी स्वतः पाहिले आहे. पुढची कथा गावातल्या भिकाजी तांडेलांनी सांगितली तशीच मला आठवते, की मधल्या वर्षांत मीच तिची डागडुजी केली, याची मात्र खात्री वाटत नाही.

इथल्या खाडीचे तोंड उत्तरेला आहे आणि तोंडाशी खडक आहेत. पूर्वी एक दिवा काठावर आणि दुसरा टेकडीवर लावत, असे सांगतात. परतणाऱ्या होडीने दोन्ही दिवे एकावर एक आणायचे आणि तसेच सरळ आत यायचे. तांडेलांच्या घरातले दोघे भाऊ एका होडीवर असत. थोरल्याची बायको शेवंती काठावरचा दिवा लावी, धाकट्याची जायू टेकडीवरचा.

एके दिवशी जायू राखणीला असताना वाळत घातलेली सुकट कावळ्यांनी नेली. शेवंती चारचौघींत म्हणाली, "डोळ्यादेखत कावळे सुकट नेतत, आणि ही म्हणे दर्यार लक्ष ठेवता."

"मगे दोनीव दिवे तूच लाव," जायू म्हणाली.

संध्याकाळी शेवंतीने आपला दिवा लावला. राग ओसरला की जायू टेकडी चढेल, असे तिला वाटले. जायूला वाटले, थोरली आहे, ती जाईलच.

आभाळ ढगाळ होते. दक्षिणेला तेवढी एक फट होती आणि तिच्यात, टेकडीच्या जरा वर, एकच ठळक तारा होता. भाऊ त्यालाच टेकडीवरचा दिवा समजले. जायूने दिवा लावला नसेल, हे त्यांच्या मनातच आले नाही. ताऱ्याखाली काठावरचा दिवा धरून ते निघाले. तारा सरकत गेला, त्याच्याबरोबर त्यांची वाटही सरकली, आणि होडी खडकावर फुटली. दोघेही गेले.

दुसऱ्या दिवसापासून त्या दोघी दोन वातींचा एक दिवा दोन्हीकडून धरून टेकडीवर नेऊ लागल्या. एकटीने नेला तर दुसरीचा विश्वास बसेना. आता यायचे कुणी नव्हते. मरेपर्यंत त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. मेल्यावर, म्हणे, दर्याने त्यांना त्याच ताऱ्यात बसवले.

त्या ताऱ्याला पंचांगात मित्र म्हणतात. "लांबसून एक दिसता," भिकाजी म्हणाले, "पण त्यो दोगी असत."

तेव्हा त्यांच्या दोन सुना दिवा ठेवून मुकाट्याने टेकडी उतरत होत्या. वर्षातून एवढाच वेळ घरात शांतता असते, असे ते हसून म्हणाले. तो तारा खरोखरच दोन ताऱ्यांचा आहे, हे मी वाचले होते. तसे सांगितल्यावर त्यांना नवल वाटले नाही. त्यांनी विचारले, "तुमी शिकलेले. त्यो कदी एकमेकींजवळ येतत काय?"

बघून सांगतो, असे मी म्हणालो.

भिकाजी आता नाहीत. आजही वैशाखात तो दिवा टेकडी चढतो, असे कळते. उत्तर मी बऱ्याच वर्षांनी शोधून काढले. ते दोन तारे सुमारे ऐंशी वर्षांत एकमेकांभोवती एक फेरा घेतात. त्यात एकदा जवळ येतात. तेव्हाही त्यांच्यामध्ये सूर्यापासून शनीपर्यंत असते त्याहून जास्त अंतर उरते, आणि तिथूनच ते पुन्हा लांब जाऊ लागतात.