म्हाताऱ्या मोसंबीचा एक प्रश्न

झाडं बोलत आणि माणसं ते ऐकूनही घेत, इतकी जुनी ही गोष्ट. भुजंगराव नावाचे मोठे जाणते बागायतदार होते. एवढे जाणते, की वैद्यालाही बोलू देत नसत.

बहर धरण्याआधी ते मोसंबीचं पाणी महिनाभर तोडत. याला ताण देणं म्हणत. थोडी तहान सोसलेलं झाड पुढे काटक होतं, असा त्यांचा अनुभव.

सत्तरी ओलांडल्यावर त्यांच्या छातीत कळ येऊ लागली. घरचे घाबरले. भुजंगराव मात्र बांधावर बसून हसले. "रक्त जरा कमी पडतं, एवढंच. काळजाला ताण बसतोय. तरणेपणी असंच व्हायचं, अन् काळीज आणखी घट्ट व्हायचं."

"वा, मालक!" शेजारची म्हातारी मोसंबी म्हणाली. "मग मला गेली तीन वर्षं ताण का देत नाही?"

"तुला? वेडी का तू? तुझं वय झालं. आता ताण दिला तर काटक व्हायची नाहीस, सरळ वाळून जाशील."

"खरंय. तुमच्याएवढं झाडांतलं कुणाला कळतं! फक्त एवढं सांगा, तुमचं काळीज कोणत्या साली लावलंय?"

भुजंगराव बांधावरून उठले. मग त्यांनी हळूच विचारलं, "वैद्य या वेळी घरी असेल का गं?"