डोणीच्या तळ्यावर दोनच फासे

डोणवडे आणि वाघजाळे या दोन गावांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे कातळाचा माळ, पसरला आहे. त्या सड्यावर डोणीचे तळे आणि तळ्याच्या काठी एक उंबर आहे. उंबराखालच्या कातळात सारीपाट कोरलेला दिसतो. चार पट्ट्या, मध्ये चौक, आणि घरे इतकी खोल की पावसाळ्यात त्यांत बेडकांची पिल्ले राहतात. सारीपाट सगळ्या मुलखात तीन फाशांनी खेळतात. इथे दोनच टाकतात. बाहेर जो तो आपापले फासे घेऊन बसला तरी चालते, इथे दोन्ही बाजूंना मिळून एकच जोडी असते. पाहुण्याने तिसरा फासा काढला, तर ग्रामदेव भैरीचे गुरव हरबा तो त्याच्या हातातून अदबीने काढून घेतात आणि खेळ संपल्यावर परत देतात. मग पाहुणा कारण विचारतो, आणि हरबा उंबराच्या मुळीवर बसून सांगू लागतात.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा सड्यावर दुसरे पाणी नव्हते. चैत्र लागला की तळे गुडघाभर उरायचे. ज्या गावाची गुरे आधी उतरत त्यांना पाणी मिळे, मागून येणाऱ्यांना चिखल. मागच्या गावाने मग गुरे दोन कोस खाली नदीवर हाकायची, आणि त्या उतरणीवर दर साली चार-दोन जनावरे पडायची. आधी कोण, यावरून एकदा कुऱ्हाडी निघाल्या. तेव्हा दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी भैरीला कौल लावला आणि ठरवले की चैत्री पुनवेला तळ्याकाठी पट मांडायचा. जो गाव जिंकेल त्याची गुरे त्या उन्हाळ्यात आधी पितील. पट तेव्हा कापडाचा होता. डोणवड्याचे फासे तांबडे, वाघजाळ्याचे पिवळे. दोन्हीकडचे फासे करणारा मात्र एकच होता, डोणवड्याचा राणू कातारी, कातावर लाकूड फिरवून घडवणारा, कारण पंचक्रोशीत दुसरा कातारी नव्हताच.

राणूची बायको आवडी. ती वाघजाळ्याची लेक.

सलग तीन वर्षे डोणवडे जिंकले. गावाचा प्रमुख, गावकर धाकोजी खेळायला बसायचा, आणि अडल्या वेळी त्याला नेमके हवे ते दान पडायचे. दोन सहा आणि एक पौ, म्हणजे पौबारा पडला की लोक आरोळी ठोकायचे. पहिल्या वर्षी वाघजाळ्याची माणसे नशिबाला बोल लावून घरी गेली. दुसऱ्या वर्षी गप्प गेली. तिसऱ्या वर्षी जाताना वळून वळून राणूकडे पाहत होती.

त्यानंतर आवडीला माहेरी जाणे जड होऊ लागले. ती अंगणात आली की बायका बोलता बोलता थांबायच्या. एकदा आई म्हणाली, "बस. पाणी देते. नदीवरनं आणलेलं हाय."

"आई, असं का बोलतेस?"

"मी कुठं काय बोलले? आपला खैऱ्या बैल गेला उतरणीवरनं, तेवढं कळलं ना तुला? का तिकडं कळत नाय?"

आवडी ते पाणी न पिताच परतली. सासरीही तिला बरे पाहत नव्हते. ही माहेरी कशाला जाते, तिकडे काय सांगते, म्हणून धाकोजीची बहीण पाणवठ्यावर उभी राहून तिच्या वाटेकडे डोळे लावायची. ती एका गावाची सून आणि दुसऱ्या गावाची लेक होती, आणि दोन्ही गावांना तिचा भरवसा वाटत नव्हता.

पण खरा काटा तिच्या घरातच होता. राणू जत्रेसाठी शिवणीच्या लाकडाची बदके करायचा. बदक पाण्यात कलंडू नये म्हणून त्याच्या पोटात शिशाचा मणी घालून भोक लाखेने बुजवायचा. जत्रा पौषात. पौष सरला की शिसे माळ्यावर जायचे ते पुढच्या मार्गशीर्षात खाली यायचे. चौथ्या साली मात्र फाल्गुनात चूल सारवताना तिला राखेत शिशाचा थेंब सापडला. तिने तो उचलून पाहिला आणि कनवटीला लावला.

मग तिला एकेक दिसू लागले. एरवी कातावर बसला की गुणगुणणारा नवरा दर साली पुनवेचे नवे फासे करताना मुका व्हायचा. दार लोटून घ्यायचा. ती आत गेली की हातातले काम मांडीखाली सरकवायचा. तीन वर्षांपूर्वी धाकोजीने त्यांना परसासकट घरटण, म्हणजे घराची जागा, दिली होती, तीही कुणी न मागता. तेव्हा तिला वाटले होते, गावकर मनाचा मोठा आहे. आता ती त्या परसातल्या वेलाची काकडी तोडतानाही विचारात पडायची.

पुनवेच्या आदल्या सकाळी राणू लाख आणायला बाजाराला गेला. आवडीने फडताळातले तांबडे फासे काढले, रिकाम्या घागरीत टाकले आणि घागर डोक्यावर घेऊन डोणीवर आली. तळ्यावर कुणी नव्हते. तिने एक फासा पाण्यात सोडला. तो तरंगला आणि पौ वर आली. पुन्हा सोडला, पंजा वर आला. दुसराही तसाच, कधी हे अंग वर तर कधी ते. तिसरा सोडला. पाण्यात जरासा डुलला आणि सहा ठिपके वर करून बसला. तिने तो उलटा धरून सोडला. फासा आपसूक वळला आणि पुन्हा सहा. बदक कसे उलटे टाकले तरी पाठ वर करून बसते, तसा. सात वेळा सोडला, सातही वेळा सहाच.

दुपारी राणू जेवायला बसला तेव्हा तिने भाताशेजारी तो फासा ठेवला.

"ह्याच्या पोटात काय हाय?"

राणूने घास परत ताटात ठेवला. तो म्हणाला, "तू कुणाकुणाला दाखवलास?"

"मी तुमाला विचारतेय."

"गावकर पहिल्या साली म्हणाले, एकच वर्ष. आपली गुरं मरताहेत, एकदाच कर. मग घरटण दिलं. मग दुसऱ्या साली कुठल्या तोंडानं नाय म्हणणार होतो? आपण उपरी माणसं, आवडे. माझ्या बापाला तीन गावांनी हाकललं होतं."

"आणि माझ्या आईचा बैल?"

त्याने ताट बाजूला सारले. "तू उद्या बोललीस तर ही लोकं माझे हात तोडतील. बोलणार हायस का तू?"

 आवडीने फासा उचलून फडताळात जागच्या जागी ठेवला. त्यानंतर दिवसभर ती आत गेली की तो बाहेर यायचा, आणि तो दाराशी गेला की ती मान वर करून पाहायची. एका छपराखाली दोन माणसे एकमेकांवर पहारा करत होती, असे हरबा सांगतात.

पुनवेला दोन्ही गावे तळ्यावर जमली. पट अंथरला. धाकोजी एका बाजूला बसला, समोर वाघजाळ्याचा बाळोबा. बायकांनी लांब उभे राहायचे अशी तेव्हाची रीत होती. आवडी त्या घोळक्यातून निघाली आणि सरळ पटापाशी आली. कुणी अडवायच्या आत तिने धाकोजीसमोरचे तिन्ही फासे उचलले.

"काय गो हे?" धाकोजी ओरडला.

"गुरांच्या पाण्याचा निवाडा करतात ना हे," ती म्हणाली, "मग आधी ह्यांना पाणी दावूया."

तिने तिन्ही फासे तळ्यात सोडले. दोन फासे वाटेल तसे लोळले. तिसरा सहा वर करून बसला. बाळोबाने खाली वाकून तो स्वतःच्या हाताने उलटा केला. फासा वळला. काठावरच्या साऱ्यांनी ते पाहिले.

मग जो गलका उठला, त्यात कोण काय म्हणतो ते कळेना. धाकोजी उभा राहिला. "ही वाघजाळ्याची लेक! हिनंच घरातला फासा बदलून आणला. माहेराला पाणी मिळावं म्हणून नवऱ्याच्या गावावर बट्टा लावते!" डोणवड्याची माणसे आवडीकडे सरकली. वाघजाळ्याची माणसे म्हणाली, ही एवढी वर्षे गप्प का होती, हीसुद्धा सामील असणार. तिच्या बाजूने एकही माणूस बोलला नाही. तिची आईही नाही.

आवडीने नवऱ्याचे नाव घेतले नाही. ती फक्त राणूकडे पाहत उभी राहिली. धाकोजीही त्याच्याकडेच पाहत होता. "सांग कातारी," तो म्हणाला, "हा फासा तुझा नव्हे ना? एवढंच सांग."

राणूने 'नव्हे' एवढे म्हटले की पुरे होते. हात वाचले असते, घर वाचले असते, आणि बायको बुडाली असती. तो पाण्यात उतरला. फासा उचलून काठावर ठेवला आणि कमरेला खोचलेल्या वाकसाने, लाकूड तासायच्या हत्याराने, त्याचे दोन तुकडे केले. शिशाचा मणी घरंगळत पाण्यात गेला.

"लाख माझी, शिसं माझं," तो म्हणाला. "हिला काल कळलं. कुणाच्या सांगण्यावरनं केलं, ते तीन सालं ज्यांची गुरं आधी प्याली त्यांनी आपल्या मनाला विचारावं."

डोणवड्याच्या माणसांनी माना खाली घातल्या. धाकोजी तिथून निघून गेला तो पुन्हा कधी त्या तळ्यावर आला नाही. कुणीतरी त्या फाशाचे दोन्ही तुकडे रागाने पाण्यात भिरकावले. वारा पडलेला होता, पाण्यावर तरंग नव्हता. तरी एक तुकडा डोणवड्याच्या काठाला लागला आणि दुसरा वाघजाळ्याच्या, असे सांगतात. म्हाताऱ्यांनी तो भैरीचा कौल मानला. एक दिवस या गावाची गुरे आधी, एक दिवस त्या गावाची, असे तिथेच ठरले. राणूचे हात भैरीने राखले म्हणे. बाळोबा म्हणाला, हात तोडले तर प्रायश्चित्त कशाने घेईल?

पट देवापुढे खेळायचा तो खेळायचाच होता. पण फासे कोणते घ्यायचे? पिवळ्यांवर डोणवड्याचा भरवसा नव्हता, आणि नवे करायला कातारी तोच. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पाण्यात लोळलेले फासे दोनच होते. त्या जोडीनेच दोन्ही गावे खेळली.

आवडी त्या दिवशी माहेरी गेली ती तिथेच राहिली. आईने तिला तळ्याचे पाणी दिले. राणूने कापडाचा पट भैरीला वाहिला आणि प्रायश्चित्त म्हणून कातळात पट कोरायला घेतला. लाकडावर चालणारा हात दगडावर सोलपटून निघायचा. शेवटचे घर पुरे व्हायला पुढचा माघ उजाडला. तेव्हा आवडी तळ्यावर आली आणि त्याच्यासमोर बसली. त्याने शिवणीची नवी जोडी करून आणली होती. ती तिने हातात घेतली, उठून पाण्याकडे गेली आणि एकेक फासा पुन्हा पुन्हा सोडून पाहिला. राणू मागे उभा होता.

"पटलं?" त्याने विचारले.

"आजच्यापुरतं," ती म्हणाली आणि खेळायला बसली. संध्याकाळी ती त्याच्याबरोबर घरी गेली.

आता दोन्ही गावांत नळ आले आहेत आणि तळ्यावर म्हशी डुंबतात. पण आजही दोन्हीपैकी कुठल्याही गावात लग्न झाले की नवरा-नवरी पाचव्या दिवशी या कातळावर एक डाव खेळतात. फासे नवऱ्याने आणायचे. नवरीने ते आधी पाण्यात सोडून पाहायचे, तिचे समाधान होईस्तोवर, कितीही वेळा. आणि तोवर नवऱ्याने काठावर गप्प उभे राहायचे, रुसायचे नाही, असा इथला नियम आहे.