आठ बैठकांची हिरवळ

वाघुरडीच्या नगरपालिका उद्यानात शिरलं की उजव्या हाताला मोठी हिरवळ लागते. तिच्या मधोमध, एका रेघेत, आठ उघडी ठिकाणं आहेत. प्रत्येक परातीएवढं, एकमेकांपासून पाच-पाच हातांवर. तिथं गवत धरत नाही. नवखा माणूस विचारतोच, "वाळवी लागली का हो?" मग उद्यान विभागात तीस वर्षं पंप चालवून निवृत्त झालेले आणि तरीही रोज गेटाशी येऊन टेकणारे दगडूबा शेलार त्याला बाकावर बसवून घेतात. या जागांना गाव 'आठ बैठका' म्हणतं. दगडूबांनी ही हकीकत जुन्या माळ्याकडून ऐकली, आणि त्या माळ्यानं त्याच्या आधीच्याकडून.

तेव्हा म्हणे इथं हिरवळ नव्हतीच, तांबड्या मातीचं मैदान होतं. नगरपालिका संध्याकाळी पोरींसाठी फुकट खेळवर्ग चालवी आणि पोरी खो-खो खेळत. मैदानावर सडा मारायचं, खडे वेचायचं काम द्रौपदा साळवे या रोजंदारीवरच्या बाईकडं होतं. नवरा वारला होता, मूल झालं नव्हतं. खेळातलं तिला कुणी शिकवलं नाही, पण रोज बघून बघून सगळं समजायला लागलं होतं. पोरी पळायला लागल्या की ती झारी खाली ठेवून उभी राही. ठेच लागलेल्या पोरीच्या अंगठ्यावर हळद दाबायची तीच.

त्या वर्षी पोरींचा संघ जिल्ह्याच्या सामन्यांना जाणार होता. महिना उरला असताना वरून कागद आला. कुणी मोठा पाहुणा बाग बघायला येणार होता, म्हणून मैदानाची शोभेची हिरवळ करायची होती. खेळवर्ग बंद. शिकवणाऱ्या मास्तरांनी कागद दोनदा वाचला, शिट्टी खिशात घातली आणि दुसऱ्या शाळेवर रुजू झाले.

दुसऱ्या दिवशी नांगरटीला बैल आले. बघतात तो आठ पोरी आपापल्या चौकोनात बसलेल्या. एक इकडं तोंड करून, दुसरी तिकडं, जशा खेळात बसतात तशा. नववी, पाठलाग करणारी कौसर, तापानं घरी होती. हैबती मुकादमानं दरडावून बघितलं, मग गूळ लावून बघितलं. एकही हलेना. शेवटी तो द्रौपदाला म्हणाला, "बायकांच्या अंगाला मी हात लावायचा नाही. तू उठव. नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस."

द्रौपदा पहिल्या पोरीसमोर जाऊन उकिडवी बसली. भिवरा नाव तिचं. "ऊठ गं माझे बाई. ह्यात आपलं काही चालत नाही."

भिवरा म्हणाली, "खो मिळाल्याबिगर उठता येत नसतं, मावशी. तुम्हाला ठावं आहे की."

द्रौपदाला ठाऊक होतं. तिनं मुकादमाकडं बघितलं, बैलांकडं बघितलं. दुसऱ्या दिवशी चूल कशी पेटायची, हेही तिच्या मनात आलंच असेल. मग ती उठली, भिवराच्या मागं गेली, तिच्या पाठीवर पंजा ठेवला आणि म्हणाली, "खो."

भिवरा उठली. नियम तो नियम. उठून दोन पावलं धावलीसुद्धा, आणि थांबली. पुढं पकडायला कुणी नव्हतं. तशीच दुसरी उठली, तशीच तिसरी. असे आठ खो द्रौपदानं दिले. शेवटची लंका तेवढी रडत उठली, आणि म्हणाली, "मावशी, तुम्हीच?" त्या दिवसानंतर आठजणींपैकी एकीनंही बागेत पाय ठेवला नाही. संघ काही जिल्ह्याला गेला नाही.

मैदान नांगरलं, खत घातलं, हरळी लावली. पंधरा दिवसांत सगळीकडं हिरवं झालं, त्या आठ जागा सोडून. पुन्हा लावली. पुन्हा तेच. द्रौपदा पहाटे येऊन एकेका जागेला तांब्यानं पाणी घाली, बोटांनी माती मोकळी करी, शेणाचा काला ओती. पोटासाठी का होईना, तिनं जीव तोडून केलं असं सांगतात. काडी उगवली नाही.

पाहुणा आला, बघून गेला, आणि जाता जाता त्या आठ डागांविषयी विचारून गेला. झालं! नगरपालिकेच्या साहेबांनी द्रौपदाला समोर उभं केलं.

"मीठ टाकलंस ना तू?"

"नाही साहेब."

"मग आठच जागा कशा जळल्या? मोजून?"

"मी टाकलं असतं तर बरं झालं असतं, साहेब," द्रौपदा म्हणाली. "तेवढं तरी त्या लेकरांसाठी माझ्या हातून झालं असतं. पण मला ते सुचलं नाही. मी पाणीच घातलं."

तिचं कुणी खरं मानलं नाही. त्याच दुपारी तिला कामावरून काढलं. साहेबांना वाटलं बाई खोटं बोलते. पोरींच्या आयांना वाटलं, मीठ टाकून पाप धुवायला बघत होती. ती कुणाकुणाला सांगणार? झारी मुकादमाच्या हवाली करून ती गेटाबाहेर पडली. पुढं ती कुठं गेली, कशी जगली, हे कुणालाच सांगता येत नाही.

त्यानंतर कितीतरी साहेब आले, किती जातींचं गवत आलं, एकदा तर लांबून मातीही आणवली. दर वेळी होळीपर्यंत आठ बैठका उघड्या पडतात. मैदान मात्र पोरींना परत मिळालं नाही. तारेचं कुंपण आहे, पाटी आहे, दंड आहे.

पण आजही कुंपण ओलांडून त्या जागी कुणी येऊन बसलं, दमलेली बाई असो की खेळून घामेजलेली पोर, तर वाघुरडीच्या बागेतला पहारेकरी त्याला मागून हाक मारत नाही, पाठीला हात लावत नाही. बाग बंद करायची वेळ टळून गेली तरी तो वळसा घालून समोर येतो, हात जोडतो आणि बसलेलं माणूस आपल्या मनानं उठेपर्यंत तसाच उभा राहतो.