होडीचे रंगवलेले डोळे

समुद्र अजून माणसांशी बोलत असे, तेव्हाची गोष्ट. एका बेटावर दर वसंतात उडत्या माशांना बोलावण्याचा सण असे. म्हातारी माणसं किनाऱ्यावरून त्यांना हाका घालत. उडत्या माशांची अट एकच होती: ते येईपर्यंत खडकातल्या माशांना हात लावायचा नाही, कारण तेव्हा त्यांच्या पोटात अंडी असतात.

त्या वर्षी नऊ दिवस हाका घालूनही मासे आले नाहीत. दहाव्या दिवशी तोमाक नावाचा मच्छीमार एकटाच होडी घेऊन निघाला. घरी पोरं उपाशी होती.

"खडकापाशी बघ, मासेच मासे!" जाळं कुजबुजलं. "एकदाच टाक मला. कोण बघतंय?"

"मी बघतेय," होडी म्हणाली. तिच्या तोंडाशी दोन डोळे रंगवलेले होते. "भरल्या पोटी नेम कोणीही पाळतो, तोमाकदादा. आज थांब."

तरी तोमाकने जाळं टाकलं. एकच मासा लागला, अंड्यांनी फुगलेला.

तेवढ्यात समोरचं पाणी चमकलं. काळ्या पंखांचा म्होरक्या वर आला. त्याच्यामागे हजारो उडते मासे थबकले होते.

"आमची वाट पाहिलीत ना?" त्याने विचारलं.

"पाहिली की!" जाळं घाईघाईने म्हणालं.

म्होरक्याने होडीकडे पाहिलं. तिला डोळे मिटून घ्यायचे होते. पण रंगवलेल्या डोळ्यांना पापण्या नसतात.

त्या उघड्या डोळ्यांत म्होरक्याला खरं काय ते दिसलं आणि तो वळला. त्याच्यामागे सगळा थवा वळला.

त्या वर्षी साऱ्या गावाच्या मासे वाळवायच्या काठ्या रिकाम्या राहिल्या. आणि किनाऱ्यावर पडलेलं जाळं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिलं, "अहो, एकच तर मासा होता!"