चिंचोका गेला तेव्हा

बाळांनो, बुद्धिबळातलं एखादं प्यादं हरवलं, तर त्याच्या जागी काय ठेवतात, ठाऊक आहे ना?

फार पूर्वी पांढऱ्या फौजेत असाच एक चिंचोका घोड्याच्या घरापुढे पहारा देत असे. एका डावात काळा वजीर दूरवरून आला आणि त्याने चिंचोका मारला.

"जाऊ दे, चिंचोकाच तर होता!" पांढरा राजा म्हणाला. "सगळे माझ्याभोवती बसा."

घोडा संतापला. "महाराज, रोज पहिला वार तो झेलायचा! तुम्ही कधी त्याची विचारपूस तरी केलीत? आता बसून राहिलो, तर एकेक करून सगळेच जाऊ. त्यांचा वजीर चिंचोक्याच्या लोभाने इथे आलाय. तिकडे त्यांचा राजा एकटा आहे. चला!"

घोड्याने उडी घेतली. मागोमाग उंट तिरका धावला, हत्ती सरळ सुटला. शहावर शह बसत गेले. काळ्या वजिराला परतायला उसंतच मिळाली नाही, आणि काळ्या राजावर मात झाली.

"शाबास, माझ्या फौजे!" पांढरा राजा हसला. घोडा हसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नव्या डावासाठी पट मांडला, तेव्हा राजा आधी चिंचोक्याला म्हणाला, "या, प्यादेराव." घोडा मात्र कालचे बोल विसरला नव्हता; तो राजाकडे पाठ फिरवून चिंचोक्यामागे उभा राहिला.