सुकाणू दे इकडे

डोंगरातल्या एका गावात एक भोळा गडी होता, गुणाजी नावाचा. अंगात बळ बैलाचं, पण सांगाल तेवढंच करायचा. आणि सांगाल तसंच. "बैलांना पाणी दाखव" म्हटलं, तर लांबूनच दाखवून परत आणायचा. शेवटी आईने त्याला खाडीवर मामाकडे धाडलं. मामा म्हणजे हरबा तांडेल. त्याची शिडाची मोठी होडी होती. माणसं या काठावरून त्या काठाला न्यायची, हा धंदा.

पहिल्या दिवशी होडी धक्क्याला आली. मामा म्हणाला, "गुणाजी, नांगर टाक."

"आत्ता आणतो," म्हणून गुणाजी उडी मारून गेला तो गेलाच. कुणाच्या तरी शेतातला लोखंडी नांगर खांद्यावर घेऊन आला आणि धक्क्यावरून पाण्यात टाकला. नांगर बुडाला. होडी तोवर वाहत कुठल्या कुठे गेली होती.

मामा परत आला तेव्हा घामाघूम झालेला होता. "अरे, होडीचा नांगर होडीतच असतो. तो बघ, आकडा. आणि आधी दोर बांधायचा, मग पाण्यात सोडायचं. काहीही पाण्यात जायचं असेल, तर आधी दोर. ध्यानात ठेव."

"ठेवलं," गुणाजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ओहोटी होती. होडी काठाला लागेना, म्हणून वैद्यबुवा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरायला निघाले. गुणाजीने त्यांच्या कमरेला दोर बांधला. दुसरं टोक होडीला. वैद्यबुवा दोर संपेपर्यंत चालले आणि मग उताणे पडले.

"माणसाला दोर बांधतोस?" मामा म्हणाला. "खाली उतरणाऱ्याला हात द्यावा. सावकाश या, म्हणावं."

"म्हणेन."

मग एकदा वारा उठला. होडी वाकडी झाली. मामा सुकाणूवरून ओरडला, "गुणाजी, शीड खाली उतरव!"

गुणाजी डोलकाठीखाली गेला. हात वर केला. "या," तो शिडाला म्हणाला, "सावकाश या." शीड येईना. गुणाजीला घाई नव्हती. होडी मात्र सरळ तिवरांच्या झाडीत घुसली.

"शिडाची मनधरणी करतोस होय?" मामा फांद्यांतून डोकं काढत म्हणाला. "वाऱ्यावर कापड फडफडलं की खाली ओढायचं, गुंडाळायचं आणि वर बसायचं."

"बसेन."

बहिणीचा पोरगा, हाकलणार कसा? मामाने ठेवून घेतला. त्यातच मामाच्या मुलीचं, शेवंतीचं लग्न आलं. वऱ्हाड पलीकडच्या काठावरचं. मामा स्वतःच आणायला गेला. विहीणबाई मानाने मध्यभागी बसल्या. होडी निघाली, वारा सुटला आणि विहीणबाईंचा पदर फडफडला.

गुणाजीने तो ओढला. विहीणबाईंना शालूत नीट गुंडाळलं. आणि वर बसला.

आतून आवाज येत होता. काय म्हणत होत्या ते कुणाला कळलं नाही, आणि नंतर विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

"होडी फिरवा," नवऱ्याचा काका म्हणाला. "हे लग्न होत नाही."

मामाने पागोटं काढून विहिणीच्या पायावर ठेवलं. कशीबशी समजूत पटली. मग गुणाजीला बाजूला घेऊन तो म्हणाला, "बाबा रे, आज माझी अब्रू तुझ्या हातात आहे. कुणावर बसू नकोस. कुणी काही मागितलं, तर तत्काळ उठून, वाकून, दोन्ही हातांनी द्यायचं. बस."

गुणाजीने मनावर घेतलं. काकांनी पाणी मागितलं, वाकून दिलं. विहीणबाईंनी पान मागितलं, दोन्ही हातांनी दिलं. "पोरगा तसा गुणाचा आहे," असं त्याच बोलल्या. मामाचा जीव भांड्यात पडला. त्याने गुणाजीला मागे सुकाणूवर बसवलं आणि स्वतः पुढे पाहुण्यांजवळ गेला.

धक्का जवळ आला. ताशा वाजू लागला. मुंडावळ्या बांधलेली शेवंती दिसली. तिथे खडक होते आणि पाण्याला ओढ होती, म्हणून मामा पुढूनच म्हणाला, "गुणाजी, सुकाणू दे इकडे."

गुणाजी तत्काळ उठला. सुकाणू बिजागऱ्यांतून उपसून काढलं. छातीशी धरून, ओल्या अंगाने, सगळ्या वऱ्हाडातून वाट काढत पुढे आला. वाकला. आणि दोन्ही हातांनी मामाच्या हातात ठेवलं.

होडी धक्क्यासमोरून गोल गोल फिरत निघाली. नवरदेवाला धक्का दिसला, मग समुद्र दिसला, मग पुन्हा धक्का दिसला, जरा लहान. ताशा वाजतच होता.

मामा सुकाणू कवटाळून उभा होता. गुणाजी अजून वाकलेलाच होता.

"मामा," तो अदबीने म्हणाला, "डोलकाठीपण देऊ?"